लाल चांदणीचा रकाना

मुलाखतीच्या तीन फेऱ्या निर्विघ्न पार पडल्या. मग एचआरच्या मॅडमचा फोन आला आणि त्यांनी आवाजात साखर घोळवून विचारलं, "सर, करंट सीटीसी किती?"

म्हणजे सध्याचा वर्षाचा एकूण पगार. इथेच माझं घोडं अडतं. सात वर्षांपूर्वी मला नोकरीची निकड होती. समोरच्याने आकडा उच्चारला आणि तो पुरता ऐकून घ्यायच्या आत मी "चालेल" म्हणून मोकळा झालो. तेव्हापासूनच्या प्रत्येक पगाराचा पाया म्हणजे ते एक "चालेल". काम बदललं, जबाबदारी दुप्पट झाली, केस निम्मे झाले. टक्के मात्र अजून त्यावरच चढतात. आकडा फुगवून सांगावा, तर पुढे पे-स्लिप मागतात.

"या पदासाठी तुमचं बजेट किती?" मी आरशासमोर घोकलेलं वाक्य टाकलं.

"ते कॉन्फिडेन्शियल असतं, सर."

म्हणजे माझी झाकली मूठ उघडायची आणि त्यांची तिजोरीत!

मग मी रात्री वाचून ठेवलेला दारूगोळा काढला. "मॅडम, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदाच केला. ऑफर देण्याआधी जुना पगार विचारायचा नाही. एका ठिकाणी बाईला कमी दिलं, की या प्रश्नामुळे तो कमीपणा पुढच्या नोकरीतही तिच्या मागे लागतो, म्हणून. युरोपीय संघाचा २०२३ चा निर्देश तर म्हणतो, जुना पगार विचारू नका, उलट तुमची रेंज तुम्हीच आधी सांगा."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्याचाच त्यांना पगार असावा. (किती, ते विचारायचा मोह मी आवरला.)

"छान माहिती आहे, सर. पण आपलं ऑफिस इथे आहे. फॉर्म पाठवते."

फॉर्ममध्ये "करंट सीटीसी"च्या डोक्यावर लाल चांदणी. मी लिहिलं, "चर्चेतून ठरवू." फॉर्म म्हणाला, फक्त अंक. मी शून्य टाकलं. शून्यापेक्षा मोठा अंक हवा होता. वैतागून १ टाकला. फॉर्म हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच गोड आवाज. "अभिनंदन, सर! पॉलिसीप्रमाणे करंटवर जास्तीत जास्त ३० टक्के हाइक बसतो. सिस्टिमने १.३ काढलेत. चालेल?"

सवयीने तोंडातून "चा" निघालाच होता.