कितव्या वेताचा आय७? पालकांच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला कागलहून अक्काचा फोन आला. "पोरीच्या कॉम्प्युटरचं जमलं बघ. १८ हजारांत आय७. दोन हजार विसार दिऊन आलोय." आय७ म्हणजे इंटेल कंपनीचा एक प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू असलेली चिप.

भाचीला यंदा कोल्हापुरात आर्किटेक्चरला प्रवेश मिळालाय. दाजींनी तिच्या कॉम्प्युटरसाठी ६० हजार बाजूला काढून ठेवलेत हे मला ठाऊक होतं. मग १८ हजारांचं हे कुणी काढलं? तर व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज. तोच मेसेज गेल्या महिन्यात मला तिघांनी पाठवला होता. मी वाचला आणि सोडून दिला. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर अक्काचे दोन हजार अडकले नसते. मी राजारामपुरीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात १२ वर्षं ड्राफ्टिंग आणि थ्रीडीचं काम करतो. कॉम्प्युटर विकत नाही, कुणाचं कमिशन घेत नाही.

मेसेज ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आर्किटेक्चर, इंटिरियर, ॲनिमेशनच्या मुलांच्या पालकांनी लुटलं जाऊ नये. आय७ म्हणजे आय७, पिढीबिढी हे दुकानदारांचं खूळ. कंपनीतून परत आलेला आय७ घ्या, आय३-आय५च्या नादी लागू नका. ८ जीबी रॅम पुरे. एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली की मशीन नवं होतं. ग्राफिक कार्ड गेम खेळणाऱ्यांना लागतं, फार तर २ जीबीचं टाका. सॉफ्टवेअर दुकानदार फुकट टाकून देतो. यूपीएस नको, लॅपटॉप नको. आणि शेवटी कोल्हापूरच्या जुन्या चित्रपट दिग्दर्शकाचं नाव, ‘बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, मग आपल्या पोरांना लाखाचं मशीन कशाला?’

आय७चं आधी बघू. दाजी, हे खास तुमच्यासाठी. वडगावच्या बाजारात म्हैस बघायला गेलात की तुम्ही पहिलं काय विचारता? कितव्या वेताची, म्हणजे कितव्यांदा व्यायलेली. मुऱ्हा आहे, शिंगं चांगली वळलीत, एवढ्यावर तुम्ही आजवर कधी दावं हातात घेतलेलं नाही. हा मेसेज तुम्हाला सांगतोय की जात बघा, वेत विचारू नका. आय३, आय५, आय७ ही एका सालच्या चिपांची आपसातली उतरंड आहे. पुढच्या सालची उतरंड वेगळी लागते.

अक्काकडून मी डब्याचा फोटो मागवला. त्यावर आय७-२६०० असं आहे. पहिला आकडा २, म्हणजे दुसरी पिढी. २०११ सालची चिप. ४ कोर, ८ थ्रेड, म्हणजे काम करणारे ४ भाग आणि एका वेळी कामाच्या ८ रांगा. आता २०२२ मध्ये आलेली आय३-१२१०० घ्या. सुरुवातीचे आकडे १२, म्हणजे बारावी पिढी. तिलाही ४ कोर आणि ८ थ्रेडच आहेत, पण एका कोरवर चालणाऱ्या कामात ती जुन्या आय७च्या जवळजवळ दुप्पट वेगानं जाते, आणि ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधलं बरंचसं काम एका कोरवरच चालतं. वीज बघितली तर जुन्या चिपेचा आकडा ९५ वॅट, नव्या आय३चा ६०. मेसेजनं ज्या आय३ला हलकं ठरवलं ती त्यानं डोक्यावर घेतलेल्या आय७ला सरळ मागं टाकते.

वेगाचं मी एकवेळ सोडून देईन. संथ मशीनवरही पोरं शिकतात, मीही तसाच शिकलो. पण या मशीनवर भाचीचं सॉफ्टवेअर नीट उघडणारच नाही, त्याचं काय? ऑटोडेस्क कंपनीनं रेव्हिट २०२५ या इमारतींची मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरला काय लागतं ते स्वतःच्या साइटवर लिहून ठेवलंय. या सगळ्या भांडणात मला ते एकच पान पुरतं. अगदी सुरुवातीच्या पातळीला १६ जीबी रॅम, आणि तीही साधारण १०० एमबीच्या मॉडेलपर्यंत. ३०० एमबीच्या आसपासच्या मॉडेलला ३२ जीबी. ग्राफिक्स नीट चालायचं तर डायरेक्टएक्स ११ (विंडोजची ग्राफिक्सची व्यवस्था) पेलणारं कार्ड आणि कार्डावर किमान ४ जीबी मेमरी. स्क्रीन कमीत कमी १२८० बाय १०२४.

आय७-२६००च्या पोटात जे ग्राफिक्स आहे त्याचं नाव एचडी २०००. ते डायरेक्टएक्स १०.१ वर थांबतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीला ओपनजीएल ही तशीच दुसरी व्यवस्था ४.३ लागते, हे ३.१ पर्यंतच जातं. ड्रायव्हर टाकून ही कमी भरून निघत नाही, कारण ती चिपेतच आहे. त्या १८ हजारांत जोडून दिलेला साडेअठरा इंची मॉनिटर १३६६ बाय ७६८चा आहे, म्हणजे स्क्रीनच्या अटीतही बसत नाही. रॅम ८ जीबी, सांगितलेल्याच्या निम्मी. वाढवावी म्हटलं तर त्यात जुन्या जातीची डीडीआर३ बसते, जी पुढच्या कुठल्याही नव्या मशीनला चालणार नाही. एका पानावरच्या तीन अटी, तिन्हींत नापास.

त्यात विंडोज. विंडोज १०चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला संपवला. विंडोज ११च्या यादीत इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच्या चिपा आहेत. दुकानदार आडवाटेनं ११ बसवून देतो, चालू झालेलंही दाखवतो. पण मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते मशीन यादीबाहेरच राहतं. आर्किटेक्चरचा कोर्स ५ वर्षांचा आहे. २०११ची चिप आज घेऊन ती पुढची ५ वर्षं ओढायची, असा हा हिशेब आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. जुनं मशीन घेणंच चूक, असं माझं म्हणणं नाही. ज्यांचं बजेट खरंच २५ हजारांवर जात नाही त्यांनी आठव्या पिढीपासून पुढचं बघावं. आय७-८७०० ही २०१८च्या आगेमागे कंपन्यांनी घेतलेल्या मशीनमध्ये सापडते, ६ कोर, १२ थ्रेड. फक्त कॅबिनेट उभं, पूर्ण मापाचं बघा. ते चपटे छोटे डबे घेतले तर पुढं साध्या मापाचं कार्ड आत बसत नाही, आणि आतला एसएमपीएसही (वीज पुरवणारा डबा) त्या कंपनीच्याच मापाचा असतो.

एसएसडीचं म्हणणं अर्धं खरं. मशीन लवकर चालू होतं, फायली पटकन उघडतात. रेंडर, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणं, एका मिनिटानंही लवकर होत नाही.

ग्राफिक कार्ड गेमवाल्यांचं, हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं कधी लुमियन उघडलेलं नाही. लुमियन आणि एनस्केप ही रेंडरची सॉफ्टवेअर मुख्य काम कार्डावरच करतात. ब्लेंडरमधला सायकल्स हा रेंडरचा भाग, कार्ड असेल तर त्यावर रेंडर काढतो. व्ही-रे हे रेंडरचं सॉफ्टवेअर प्रोसेसरवरही चालतं, खरं आहे, पण ज्युरीच्या (कॉलेजातल्या तपासणीच्या) आदल्या रात्री सहा व्ह्यू काढायचे असतील तर तो वेळ कुठून आणायचा? ‘फार तर २ जीबीचं टाका’ हा सल्ला त्याहून वाईट, कारण त्यात पैसे जातात आणि हातात काही येत नाही. बाजारात २ जीबीचं म्हणून बहुतेक जीटी ७१० गळ्यात घालतात. त्यात १९२ कुडा कोर, म्हणजे कार्डातले हिशेब करणारे छोटे भाग. आरटीएक्स ३०५०च्या ८ जीबी कार्डात २५६०. मेमरीचा वेग एकाचा सेकंदाला १४.४ जीबी, दुसऱ्याचा २२४. जीटी ७३० तर ४ जीबी लिहिलेलंही मिळतं, आणि ते बघून लोक फसतात. कार्डाच्या जीबीवर जाऊ नका, नाव आणि नंबर विचारा.

इथंही थोडं मागं येतो. पहिल्या वर्षी कार्ड लागतंच असं नाही. पहिल्या वर्षाचा बराच वेळ ड्रॉइंग बोर्डावर जातो, पेन्सिल आणि सेट-स्क्वेअर घेऊन. टू-डी ऑटोकॅड, स्केचअपमधलं साधं मॉडेल, शीट लावायला फोटोशॉप, एवढं आय५-१२४००च्या आतल्या ग्राफिक्सवर होतं. म्हणून भाचीसाठी मी असं ठरवलंय: आता आय५-१२४००, ६ कोर आणि १२ थ्रेड. १६ जीबीची एकच रॅम, दुसरा स्लॉट मोकळा, कारण २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि ३२ जीबी आजच घ्यायची घाई नाही. एकच रॅम असली की आतलं ग्राफिक्स थोडं मंदावतं, ते पहिल्या वर्षाला चालेल. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. आयपीएस पॅनेलचा २४ इंची फुल एचडी मॉनिटर. कार्डाचे पैसे दाजींनी तसेच राखून ठेवायचे आणि तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर तेव्हा जे चांगलं मिळेल ते घ्यायचं.

पण कार्ड पुढं घ्यायचं म्हटलं तरी एसएमपीएस आजच चांगला हवा. कॅबिनेटबरोबर फुकट येतो त्यावर विसंबू नका. ३०५०च्या ८ जीबी कार्डाला १३० वॅट लागतात आणि एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. आणि चिपेच्या नंबरामागं एफ आहे का बघा. १२४००एफ थोडी स्वस्त पडते, पण तिच्या आत ग्राफिक्सच नाही. कार्डाशिवाय घेतली तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, आणि ‘मशीन बंद आहे’ म्हणून पोरगी रडत फोन करेल.

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त चीड आली ते. ‘सॉफ्टवेअर दुकानदार फुकट टाकून देतो.’

फुकट म्हणजे क्रॅक, परवान्याचं कुलूप तोडलेली चोरीची प्रत. क्रॅक टाकताना पहिली पायरी काय असते, तर अँटिव्हायरस बंद करा. घराचं कुलूप काढून ठेवा आणि अनोळखी माणसाला आत एकटा सोडा, असं कुणी सांगितलं तर अक्का त्याला उंबऱ्यावरूनच हाकलेल. मी याआधी ज्या ऑफिसात होतो तिथं असाच एक क्रॅक एका मशीनवर टाकला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या ड्रॉइंगच्या नावांमागं एक परकं शेपूट लागलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. महापालिकेत द्यायचा नकाशांचा अख्खा संच त्यात गेला. आम्ही तिघांनी आठ दिवस जुन्या प्रिंटांवरून परत काढला. स्टॉप-डीजेव्हीयू नावाचा खंडणीचा व्हायरस मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरला, हे सायबर सुरक्षेतल्या माणसांनी वारंवार सांगितलंय. ऑफिसात निदान प्रिंट होत्या. पाचव्या वर्षाच्या थीसिसच्या प्रिंट शेवटच्या रात्रीपर्यंत निघालेल्याच नसतात.

आणि ही जोखीम घ्यायची कशासाठी? ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स अधिकृतपणे मोफत देते. कॉलेजचा पुरावा द्यायचा, एक वर्षाची परवानगी मिळते, शिकत असेपर्यंत दरवर्षी वाढवून घेता येते. फक्त त्यावर धंद्याचं काम करायचं नाही. ब्लेंडर सगळ्यांनाच कायम मोफत आहे. स्केचअपची ब्राउझरमध्ये चालणारी मोफत आवृत्ती आहे. फोटोशॉप मोफत नाही, विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतं, आणि तेवढंही नको असेल तर क्रिटा आणि इंकस्केप आहेत. जे हक्कानं मिळतंय ते चोरून घ्यायला लावणारा हा मेसेज लोक ‘उपयुक्त माहिती’ म्हणून पुढं ढकलतायत. शिकायला निघालेल्या पोरीच्या हातात पहिल्याच दिवशी चोरीचा माल द्यायचा? मला ते सहन होत नाही.

यूपीएसबद्दल फार लिहीत नाही. ‘कोल्हापुरात लाईट जात नाही’ असं म्हणणाऱ्यानं जुलैत इथं एक आठवडा राहून बघावं. ६०० व्हीएचा साधा यूपीएस फाईल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला पुरतो. कार्ड आल्यावर मोठा बघू.

लॅपटॉप नको, हे मात्र त्यांचं बरोबर आहे, निदान आमच्या बजेटला. त्याच पैशात डेस्कटॉप जास्त काम देतो आणि पुढं वाढवता येतो. लॅपटॉपवर आरटीएक्स ३०५० लिहिलेलं असलं तरी बऱ्याच मशीनमध्ये ते ४ जीबीचंच असतं. कॉलेजात दाखवायचं काम पेनड्राइव्हवर न्यायचं.

राहिले बाबूराव पेंटर. त्यांचं नाव या मेसेजला जोडलेलं बघून वाईट वाटलं. आनंदराव आणि बाबूराव या दोघांनी कॅमेरा जुळवायला घेतला तो यंत्र खोलून, त्यातला एकेक भाग समजून घेऊन. १९१६मध्ये आनंदराव गेले. त्यानंतर बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम पुरं केलं. त्या माणसानं भिंगाचा नंबर न विचारता भिंग घेतलं असेल का? यंत्राच्या आत काय आहे हे बघायचंच नाही, असं शिकवणाऱ्यानं त्यांचं नाव घेऊ नये.

अक्का, उद्या शनिवार आहे. मला सुट्टी आहे, मी तुझ्याबरोबर दुकानात येतो. विसार परत मागू. रोख देत नसेल तर मॉनिटर आणि यूपीएसमध्ये वळता करून घेऊ. जुना माल असो की नवा, दुकानात मशीन चालू करायला लावायचं आणि विंडोजमधल्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये चिपेचं पूर्ण नाव स्वतः वाचायचं. बिलावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस यांचे मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर वेगवेगळे लिहून घ्यायचे, प्रत्येकाची वॉरंटी किती वर्षांची तेही. ‘आय७ कॉम्प्युटर, १ नग’ असं बिल दिलं तर पैसे द्यायचे नाहीत.