खुलासा : विंडोज १० बंद पडलेलं नाही आणि लिनक्सलाही अपडेट लागतात

‘विंडोज १० आता चालणार नाही, लिनक्स टाका, त्याला अपडेटच लागत नाहीत,’ असा संदेश गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत. (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी संगणकावर टाकता येणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम.)

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक चालू राहतो, पण वेगळी नोंदणी केल्याशिवाय नवे सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचंच.

लिनक्सला अपडेट येतात, तेही वरचेवर. मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत ते काम चालू असताना बसतात आणि रीस्टार्ट कधी करायचा हे आपण ठरवतो. हा मोठा फायदा आहे. मात्र रीस्टार्ट केल्याशिवाय नवा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लागू होत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात खरी अडचण विजेची. लिनक्सचे अपडेट बसता बसता वीज गेली तर पॅकेज (सॉफ्टवेअरचे भाग) अर्धवट राहतात, कधी पडदा काळाच राहतो. घाबरून फॉरमॅट मारू नका. चालू करताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रब मेनू (संगणक सुरू करण्याच्या पर्यायांची यादी) आणा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून रिकव्हरी मोड घ्या आणि ‘डीपीकेजी’ (dpkg, अर्धवट पॅकेज दुरुस्त करणारा पर्याय) निवडा. बहुतेक वेळा अर्धवट पॅकेज पुरी होतात. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, मग सिस्टीम कोणतीही असो.

दुकानात टॅली ही हिशेबाची प्रणाली वापरत असाल तर विंडोज ठेवा, ती लिनक्सवर थेट चालत नाही. बाकीच्यांनी आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह (संगणकावर न बसवता) चालवून वायफाय, प्रिंटर आणि स्कॅनर तपासावेत.