पारव्यात चिमूटभर मेंदी

मुळात चूक माझीच. माझा एक मित्र बेळगावचा, तिथं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे त्यामुळे लहानपणापासून याच्या डोक्यात मराठा पलटण, त्याने एक दिवस फोन करून विचारलं, "केरेन खेळूया का, मी मराठा घेतो, तू इटालियन घे" आणि मी काहीही विचार न करता "चालतंय की" म्हणालो.

केरेन म्हणजे इरिट्रियातली १९४१ ची लढाई. अस्माराला जाणारा एकच घाट, वरती डोंगरावर इटालियन बसलेले, खालून ब्रिटिशांकडून लढणारी आपली चौथी आणि पाचवी डिव्हिजन चढतेय, आणि १५ मार्चला सेकंड फिफ्थ मराठाने, म्हणजे मराठ्यांच्या दुसऱ्या बटालियनने, फ्लॅट टॉप नावाची टेकडी घेतली. ही टेकडी थर्माकोलची करायची आणि त्यावर २८ मिमीचे सैनिक लढवायचे, फाशांवर. अठ्ठावीस मिमी म्हणजे साधारण अंगठ्याच्या पेराएवढा माणूस, त्याचं डोकं तुरीच्या डाळीएवढं, आणि त्या डाळीला डोळे काढायचे असतात.

मी बॉक्स मागवला बेर्साल्येरींचा, म्हणजे इटलीच्या एका पायदळ पलटणीचा. का, तर हेल्मेटवरची पिसं. ही पलटण १८३६ ला ला मार्मोरा नावाच्या अधिकाऱ्याने उभी केली, हे लोक परेडलाही चालत नाहीत, पळतात, बँडवालेसुद्धा ट्रम्पेट वाजवत पळतात, आणि हेल्मेटच्या एका बाजूला रानकोंबड्यासारख्या एका पक्ष्याची काळी पिसं असतात, पार पगडीच्या तुऱ्यासारखी. फोटोत एकदम रुबाबदार. बॉक्समध्ये ती पिसं वेगळी येतात, एकेक. तांदळाएवढं पीस, चिमट्यात धरायचं, फेविक्विकचा टिपका लावायचा आणि हेल्मेटला चिकटवायचं. मे महिना, पंखा बंद ठेवायचा कारण पंख्याने पीस उडतं, घामाने चिमटा सटकतो, आणि पीस हेल्मेट सोडून माझ्या बोटाला चिकटतं. एक सबंध शनिवार मी डाव्या अंगठ्यावर तुरा लावून फिरलो. तीन पिसं गायब झाली. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "दादा, मला वाटलं मुंग्या मेल्यात, झाडून टाकल्या." मग त्या तिघांना काळ्या दोऱ्याचे तुरे लावले. दोन फुटांवरून कळत नाही. तीन फुटांवरून तर अजिबातच नाही.

प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा थर, मारायला जुलै उजाडला. आता पुण्यात जुलैमध्ये बाल्कनीत स्प्रे मारायचा नसतो हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं, पण पाऊस दहा मिनिटं थांबला होता आणि मला वाटलं दहा मिनिटं पुष्कळ झाली. हवेत इतका दमटपणा की स्प्रे पोचेपर्यंत अर्धा वाळलेला, अंगावर बसला तो कणीदार होऊन. अख्खी तुकडी रव्याच्या लाडवासारखी दिसायला लागली. टूथब्रशने घासून घासून परत उघडी केली, त्यात दोघांच्या बंदुका गेल्या. (कार्कानो रायफल, १८९१ चं मॉडेल, मोडली तरी फार वाईट वाटून घेऊ नये.)

पण खरी कटकट पुढे होती. रंग.

इटालियन युनिफॉर्मचा रंग ग्रिजोव्हेर्दे, म्हणजे शब्दशः करडाहिरवा. याचा इतिहास मजेशीर आहे, आधी हे लोक गडद निळे कपडे घालून डोंगरात फिरायचे, मग १९०६ च्या सुमारास अल्पिनींच्या, म्हणजे त्यांच्या डोंगरी सैनिकांच्या, मोर्बेन्यो बटालियनमधल्या एका तुकडीला करडे कपडे घालून बघितले आणि वेगवेगळ्या रंगांच्या पुतळ्यांवर गोळ्या झाडून मोजलं की कुठल्याला कमी लागतात. ग्रिजोव्हेर्दे जिंकला, १९०९ ला तोच युनिफॉर्म झाला. म्हणजे दिसू नये म्हणून निवडलेला रंग! आणि मी तो दिसावा म्हणून रात्री दीड वाजता टेबललॅम्पखाली शोधतोय.

कारण प्रत्येक बाटलीतला ग्रिजोव्हेर्दे वेगळा. एक लावला तर जर्मन दिसतात, दुसरा लावला तर महानगरपालिकेचे माळी. जुने फोटो ब्लॅक अँड व्हाइट. म्युझियममधल्या कपड्यांचे फोटो बघावेत तर ऐंशी वर्षांत कापड विटलेलं, वरून फोटोचा लाइट पिवळा. अकरा माणसांवर अकरा शेड लावून मी ती रांग डायनिंग टेबलवर मांडली आणि बायकोला विचारलं यातला कुठला करडाहिरवा. ती म्हणाली, "सगळे सारखेच आहेत आणि ताटं कुठे ठेवू?"

आई चष्मा लावून आली. आई चाळीस वर्षं ब्लाउजपीस मॅचिंग करते, दुकानदार तिला बघून गठ्ठेच काढतात. तिने मोबाइलवरचा फोटो बघितला, एकेक सैनिक मुंडीला धरून उचलला. "हा शेवाळी. हा पिस्ता, हा तर अगदीच पोपटी, कुणी घेतला? हा बॉटल ग्रीन." मग माझ्याकडे बघून, "तुला पारवा पाहिजे. पारव्यात चिमूटभर मेंदी. माझं सुलूच्या मुंजीतलं लुगडं आठव."

मला ते लुगडं आठवत नव्हतं पण मी करड्या रंगात मेंदीसारखा हिरवा दोन थेंब टाकला आणि अहो काय सांगू, तोच. एकदम तोच! परदेशातली मोठमोठी माणसं यावर वर्षानुवर्षं भांडतायत आणि आईने कपाटाच्या दुसऱ्या खणातून उत्तर काढलं. कॉलरवरच्या लाल पट्ट्या राहिल्या होत्या, बेर्साल्येरींच्या कॉलरला दोन टोकांची ज्वाळा असते, क्रिमझन. "डाळिंबी," आई न बघता म्हणाली. ती ज्वाळा अर्ध्या मिलिमीटरची, तिच्यावर परत पाचकोनी चांदणी असते, प्रत्येक इटालियन सैनिकाच्या कॉलरला असते. मी चांदणी म्हणून पांढरा ठिपका दिला. चौघांच्या बाबतीत तो गालावर पडला, पण अंगावर जखमा असतातच लढाईत.

चाळीस माणसं. पाच-सहा महिने. वॉश, म्हणजे पातळ काळपट रंग, मारला, तो घडीत उतरायच्या ऐवजी पाठीवर साचला आणि निम्मे लोक चिखलात बसून आल्यासारखे दिसतात, तेही चालवून घेतलं. दिवाळीच्या आधल्या रविवारी मी सगळ्यांचा ग्रुप फोटो काढून मित्राला पाठवला. त्याचे मराठे जूनमध्येच तयार होते, कारण खाकी ड्रिल, एकच बाटली, दोन दिवसांत काम खल्लास.

दोन निळ्या टिका आल्या. मग बराच वेळ टायपिंग, टायपिंग. मग फोनच.

"भावा, एक नंबर झालेत. रंग तर काय जमलाय."

"पण?"

"पण केरेन आफ्रिकेत आहे रे. ग्रिजोव्हेर्दे लोकरीचा असतो. तिथं उन्हात खाकी घालायचे. सॅव्हॉय ग्रेनेडियर बघ, अल्पिनी बघ, सगळे खाकी."

मी काही बोललो नाही. चाळीस तुरे माझ्याकडे बघत होते.

"टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला, "ग्रीसला पाठवू. २८ ऑक्टोबर १९४०, इटलीने अल्बेनियातून ग्रीसवर हल्ला केला, थंडी, डोंगर, सगळे याच कपड्यात. तुझी आर्मी एकदम फिट बसते."

"आणि ग्रीक कोण रंगवणार?"

आता तो काही बोलला नाही. दोघंही फोन कानाला लावून गप्प, आणि आतून चकल्या तळता तळता आई विचारते, "ग्रीकांचा कुठला रे रंग?"