लायसन्स सरकारचं म्हणून दारही सरकारचं?

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय, "लायसन्स सरकार देतं मग अट कुठलीही घालू शकतं, टेक्सासने बघा लसीचं सर्टिफिकेट मागणाऱ्या हॉटेलवाल्यांना कसं सरळ केलं, आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने सांगूनही सर्टिफिकेटची सक्ती चालूच राहिली." काकांनी तर वर दोन अंगठे पण दिलेत.

आधी अमेरिकेतलं टेक्सास राज्य. जून २०२१ मध्ये तिथे कायदा झाला की गिऱ्हाईकाकडे कोविड लसीचा पुरावा मागायचा नाही, आणि हे पाळणं ही लायसन्सची अट करायची मुभा सरकारी खात्यांना मिळाली. ऑगस्टमध्ये तिथल्या ऑस्टिन शहरातल्या, असा पुरावा मागणाऱ्या दोन रेस्टॉरंटना दारूच्या परवान्याचं खातं म्हणालं, परमिट जाईल. त्यांनी गपचूप नियम मागे घेतला. आता दारूच्या परवान्यात बघायचं काय तर गिऱ्हाईकाचं वय, वेळ, टॅक्स. दारात सर्टिफिकेट मागितल्याने बियरला काय होतं?

"कुठलीही अट" म्हणाल तर थोडं मान्य, दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही असं आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज केसमध्ये म्हटलंय, त्यामुळे परमिट रूमवाल्याचा हात तसा दगडाखालीच. तरी मनमानी चालत नाही, घटनेतलं समानतेचं कलम १४ आहे ना. नाहीतर उद्या एक्साईजवाला म्हणेल मेन्यूतनं मिसळ काढ, मगच रिन्यू करतो.

आणि ज्यांना टेक्सासचं कौतुक आहे त्यांनी आपल्याकडचं आठवावं, २७ नोव्हेंबर २०२१ चा राज्याचा आदेश बरोब्बर उलटा होता, दोन डोसवाल्यांनाच आत घ्या, दंड गिऱ्हाईकाला ५०० आणि दुकानाला १०,०००, वारंवार सापडलात तर बंद. माझ्या मावसभावाचं कोथरूडला छोटं हॉटेल आहे, त्याने भांडी घासणाऱ्या पोराला दारात उभं केलं, तो बिचारा फुटक्या स्क्रीनवरची पीडीएफ डोळे बारीक करून वाचायचा आणि रोजचे आजोबा "अरे दुसरा डोस पुढच्या आठवड्यात आहे" म्हणत चहा न पिताच परत जायचे. तिकडे मागाल तर परमिट जाईल, इकडे मागितलं नाही तर दंड, मालकाला कोणीच विचारलं नाही.

राहिलं कोर्ट. लसीच्या सक्तीविरुद्धच्या जेकब पुलियेल केसचा सुप्रीम कोर्टाचा निकाल, २ मे २०२२. लस जबरदस्तीने टोचता येणार नाही हे खरं, खाजगी संस्थांनीही लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध मागे घ्यावेत असं सुचवलं हेही खरं, पण का, तर लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो असा पुरावा कोर्टापुढे आला नाही आणि तेव्हा केसेसही कमी होत्या म्हणून. आणि "सांगूनही सक्ती चालू" हे तर साफ खोटं, राज्याचे निर्बंध एप्रिलच्या सुरुवातीलाच, पाडव्याच्या तोंडावर उठले होते. भावाने दारावरचा कागद तेव्हाच फाडला, निकाल यायला अजून महिना होता.