युरोपात खासगीपणा जपण्याचे सोपे उपाय

परवा रविवारी रात्री साडेदहाला लेकीचा ताप ३९.४ अंश सेल्सिअसवर गेला. सिरपची बाटली फ्रिजच्या दारात होती, सिरप नव्हते. (रिकामी बाटली परत जागेवर कोण ठेवतो, हा विषय आमच्या घरी अजून मिटायचा आहे.) जर्मनीत रविवारी सगळे बंद. औषधांची दुकाने तेवढी पाळीपाळीने रात्री उघडी असतात, आणि आज पाळी कुणाची ते ज्याचे त्याने शोधायचे. मी कोट चढवला, कोपऱ्यावरच्या बंद दुकानापर्यंत गेलो आणि फोनवर गावच्या वर्तमानपत्राचे रात्रपाळीच्या दुकानांचे पान उघडले.

पान उघडले नाही. 'तुमचा खासगीपणा आमच्यासाठी मोलाचा आहे' हे उघडले.

पुढची अकरा मिनिटे थंडीत उभा राहून मी जे शिकलो, ते एकट्यापाशी ठेवणे बरे दिसणार नाही. तुमच्यातले कितीतरी जण ब्लू कार्डच्या, म्हणजे इकडे नोकरीसाठी राहायच्या परवान्याच्या, कागदांची जुळवाजुळव करत असतील. इकडे आल्यावर खासगीपणा कसा जपायचा, हे विमानात बसण्याआधीच ठाऊक असावे.

सर्वात आधी दारावरची पाटी काढा. पुणेकरांना हे जड जाईल, पण इलाज नाही. युरोपचा नवा डेटा कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला. त्याच वर्षी व्हिएन्नात महापालिकेच्या घरात राहणाऱ्या एका भाडेकरूने तक्रार केली की बेलशेजारचे माझे नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. महापालिकेने दोन लाख वीस हजार घरांच्या बेलांवरची नावे काढायचे ठरवले. ब्रसेल्सहून, म्हणजे युरोपियन युनियनच्या मुख्यालयातून, खुलासा आला की अहो, कायदा असे काही म्हणत नाही. पण कायदा काय म्हणतो ते बघून पाळला तर त्यात मजा काय राहिली? 'बेल एकदाच वाजवावी' एवढा मजकूर ठेवायला हरकत नाही. त्यावरून माणूस ओळखू येत नाही. सदाशिव पेठेबाहेर तरी.

मग भिंत. गूगलने २०१० मध्ये जर्मनीतल्या रस्त्यांची छायाचित्रे नकाशावर आणायला घेतली, तेव्हा दोन लाख चव्वेचाळीस हजार कुटुंबांनी 'आमचे घर धूसर करा' असे कळवले. तुम्हीही कळवा. भिंत, खिडक्या, गॅलरीतल्या कुंड्या, सगळे झाकून घ्या. मग सुपरमार्केटात जाऊन पॉइंटांचे कार्ड पुढे करा आणि कोणत्या वारी किती दही, किती बिअर आणि कोणत्या मापाचे डायपर, हे आनंदाने सांगून टाका. पंचवीस युरोंच्या खरेदीवर बारा सेंट मिळतात.

बालवाडीच्या अल्बममध्ये आपले मूल सोडून बाकी सगळ्यांच्या तोंडावर स्मायली चिकटवलेले असतात. रागावू नका. त्याच सहलीचे ऐंशी फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेले असतात, तिथे सगळी तोंडे बघायला मिळतात.

आता संमती. संमती मोकळ्या मनाने आणि समजून-उमजून द्यायची असते, असे कायद्यात लिहिले आहे. तेव्हा 'सगळे मान्य' हे मोठे हिरवे बटण दिसले की लगेच दाबायचे नाही. घाईतले लोक दाबतात. तुम्ही त्याच्याखालची पुसट अक्षरे शोधा, 'सेटिंग्ज' असे काहीतरी लिहिलेले असेल. तिथे गेलात की तुमची माहिती ज्यांना वाटली जाते त्या भागीदारांची यादी येते. आमच्या या वर्तमानपत्राला, ज्यात अग्निशमन दलाच्या वार्षिक जेवणाची बातमी पहिल्या पानावर असते, ८६२ भागीदार आहेत. आमच्या लग्नाला एवढी माणसे नव्हती. प्रत्येकाच्या नावापुढे एक कळ. त्या बंद करत आणल्यात की दुसरा कप्पा सापडतो, त्याचे नाव 'न्याय्य हितसंबंध', म्हणजे संमती न विचारता माहिती वापरायची कायद्यातली वाट. त्यात बरीचशी तीच मंडळी पुन्हा, आणि या खेपेला कळा आधीपासून चालू. पुढच्या दाराने नको म्हटलेला पाहुणा मागच्या दाराने येऊन पाटावर बसलेला. मी त्याही बंद केल्या. 'तुमची निवड जतन करत आहोत' असे म्हणत एक चक्र फिरू लागले. ते फिरतच राहिले. हिरवे बटण दाबले असते तर हेच चक्र फिरले नसते, हे तुम्हालाही माहीत आहे.

एवढ्यात बायकोचा फोन. "अरे, सापडलं का दुकान?"

"थांब जरा, संमती देतोय."

ती काय म्हणाली ते खासगी आहे.

बरे, हे सगळे बेकायदा आहे हे कुणाला कळलेले नाही असेही नाही. युरोपियन युनियनच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला एका जर्मन लॉटरी कंपनीच्या खटल्यात स्वच्छ सांगितले की आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. मंडळींनी खूण काढली आणि बटण हिरवे केले. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला पंधरा कोटी आणि फेसबुकला सहा कोटी युरो दंड ठोठावला. कारण एकच. होकाराला एक क्लिक आणि नकाराला अनेक. मग त्याच वर्षी गूगलला 'सगळे नाकारा' हे बटण सापडले. इतकी वर्षे कुठे पडले होते कोण जाणे. मोठ्यांचे असे झाल्यावर दुसरी युक्ती जोरात आली: नाकारायचे आहे? खुशाल नाकारा, दर महिन्याला पैसे भरा. नोव्हेंबर २०२३ मध्ये फेसबुकच्या मालक मेटाने युरोपातल्या लोकांना ९.९९ युरोंत खासगीपणा विकायला काढला. फोनवरून घेतला तर १२.९९. एप्रिल २०२५ मध्ये ब्रसेल्सने त्याबद्दल वीस कोटींचा दंड केला, तोवर गल्लीतली वर्तमानपत्रेही हेच दुकान थाटून बसली होती.

आणि खरी चीड येते ती पुढे. हा सगळा छळ टाळायचा उपाय कुणाला सुचला नव्हता असे समजू नका. ब्राउझरमध्ये एकदाच सांगायचे की माझा पाठलाग नको, आणि साइटने ते ऐकायचे. बस. युरोपियन आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये जो प्रस्ताव मांडला त्यात हे होते! मोठ्या कायद्याच्या जोडीने तो मे २०१८ ला लागू व्हायचा होता. जाहिरातवाले ओरडले, प्रकाशक ओरडले, देशादेशांतली सरकारे बसून राहिली, आणि आठ वर्षे फायलीत झोपवून २०२५ मध्ये आयोगाने तो मागे घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आयोग नवा प्रस्ताव घेऊन आला. त्यात काय आहे? एका क्लिकमध्ये नकार, सहा महिने पुन्हा विचारायचे नाही, आणि पुढे ब्राउझरमधूनच इच्छा कळवायची सोय. म्हणजे आठ वर्षांपूर्वीचीच पोळी परत तव्यावर. आणि त्याच गठ्ठ्यात, जाता जाता, 'वैयक्तिक माहिती' कशाला म्हणायचे याची व्याख्या आखूड करायचे आणि एआय शिकवायला आपली माहिती 'न्याय्य हितसंबंध' म्हणून वापरू द्यायचेही घातले आहे. तोच मागच्या दाराचा पाहुणा! संमती मागणाऱ्या बॅनरला विटलेली माणसे टाळ्या वाजवतील, आणि टाळ्या वाजवताना हात खिशावर नसतो.

तर मी हिरवे बटण दाबले. ८६२ जणांना सांगितले, या, सगळे या. पान उघडले. त्यावर लिहिले होते की हा मजकूर फक्त सदस्यांसाठी आहे.

मान वर केली तर समोरच्या बंद दुकानाच्या काचेमागे एक कागद चिकटवलेला होता. आजच्या पाळीचे दुकान, रस्त्याचे नाव, फोन नंबर. अकरा मिनिटे मी त्याच्याकडे पाठ करून उभा होतो. तिथे गेलो, बेल वाजवली. छोट्या खिडकीतून बाईंनी मुलीचे वय विचारले, वजन विचारले, रात्रपाळीचे अडीच युरो जास्तीचे लावले आणि सिरप दिले. नाव विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोनवर थर्मामीटरच्या जाहिराती आहेत.

उरलेले सल्ले भराभर सांगतो. मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने २०११ मध्ये फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली तेव्हा बाराशेहून जास्त पाने आली. त्याने काढून टाकलेला मजकूरही त्यात होता. हा हक्क तुम्हालाही आहे, उत्तर एका महिन्यात द्यायचे असते. मी एका कंपनीकडे मागितली. तिने आधी माझ्या पासपोर्टची प्रत मागितली, म्हणजे तिच्याकडे जे नव्हते तेही आता आहे, आणि मग कळवले की प्रकरण गुंतागुंतीचे असल्याने आणखी दोन महिने लागतील. मी एक हेअर ड्रायर घेतला होता.

खासगी संदेश लिहिताना शुद्धलेखन सांभाळा. कुकीबद्दल (साइट आपल्या फोनवर ठेवून जाते त्या खुणेबद्दल) इतके हळवे असलेल्या ब्रसेल्सनेच मे २०२२ मध्ये लोकांचे संदेश कंपन्यांकडून तपासून घेण्याचा प्रस्ताव आणला होता.

झोप येत नसेल तर दंड मोजा: अ‍ॅमेझॉन ७४.६ कोटी युरो, मेटा १२० कोटी, टिकटॉक ५३ कोटी. उठाल तेव्हा बॅनर जागेवरच असेल.

नाशिकहून काका फोनवर म्हणतात, "तुमच्याकडे कायद्यांचाच बाऊ फार. इथे बघ, बिल करताना पोरगी मोबाइल नंबर विचारते, देऊन टाकायचा." काका, ती निदान तोंडावर विचारते. आणि तुमचाही कायदा २०२३ मध्ये झालाय, नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आलेत. संमती म्हणजे काय हे आता तिकडचे डिझायनरही शिकतील. कुणाकडून शिकतील?

बास. आता सरळ बोलतो.

हा कायदा हसण्यावारी न्यायचा नव्हता. ज्या जर्मनीत १९३९ च्या जनगणनेत कुणाचे आजी-आजोबा ज्यू होते याची वेगळ्या कार्डावर नोंद घेतली, आणि पुढे ज्याच्या पूर्व भागात श्टाझी या गुप्त पोलिसांनी शेजाऱ्यांकडून शेजाऱ्यांच्या फायली भरून घेतल्या, त्या देशाला माहिती गोळा करण्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही. म्हणून हेसन राज्यात १९७० मध्ये जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा झाला. म्हणून १९८३ मध्ये लोक जनगणनेविरुद्ध उठले आणि कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने सांगितले की आपल्या माहितीचे काय व्हावे हे मुळात ज्याने त्याने ठरवायचे. त्या वाक्याचे तुम्ही काय केलेत? एक हिरवे बटण केलेत!

संपादक महाशय, अमेरिकन कंपन्या लोकशाही गिळताहेत असे अग्रलेख लिहिता ना? त्याच अग्रलेखावर ८६२ जण बसवून ठेवायला लाज नाही वाटत? आणि नियामकांनो, तक्रार केली की दोन-दोन, तीन-तीन वर्षे उत्तर नाही, आणि परिसंवादात मात्र व्यासपीठावर पहिले तुम्ही. कायदा बदनाम झाला तो कडक होता म्हणून नाही. तो मोडणाऱ्यांनी शिक्षा म्हणून आपल्याला बॅनर दाखवला आणि तुम्ही बघत बसलात. आज लोक कंपनीला नाही, कायद्याला शिव्या देतात. त्यांना हेच हवे होते.

आणि आपले लोक. यंदा गणपतीत प्रसादाच्या रांगेत एकाने मला अभिमानाने सांगितले की त्याच्या टीमने नुसता बटणाचा रंग आणि जागा बदलून होकार कसे वाढवले. हुशार मुलगा आहे, पहिल्या नंबराने पास झालेला. मी तेव्हा 'अरे वा' म्हणालो. ते मी परत घेतो. तुला कळत होते तू काय करतोयस. त्या रात्री मी ज्या चक्राकडे बघत उभा होतो ते तुझ्यासारख्याच कुणीतरी फिरवत ठेवले होते.

दिलेली संमती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे कलम ७ सांगते. म्हणून त्या वर्तमानपत्राच्या साइटवर परत गेलो आहे. मागे घेण्याचा दुवा म्हणे पानाच्या अगदी तळाशी असतो, करड्यावर करड्या अक्षरांत. तळापाशी पोहोचतो न पोहोचतो तोच पान खाली आणखी बातम्या आणून लावते. अग्निशमन दलाच्या जेवणाची बातमी आतापर्यंत तीनदा येऊन गेली.