लांब जात नाही, खाली उतरतो

थंडीत प्लंबियस वॉटर रेडस्टार्ट हा नदीकाठचा छोटा पक्षी हिमालय सोडून पार दक्षिणेत जातो असं तुमच्या त्याच्यावरच्या लेखात लिहिलंय, ते काही पटलं नाही. अहो तो फक्त नदीकाठाने खाली उतरतो! डिसेंबरात ऋषिकेशला गंगेवर आरामात दिसतो. आम्ही घाटावर चहा घेत होतो तर समोरच ओल्या दगडावर नर, निळसर राखाडी, विटकरी शेपूट सतत पसरवतोय मिटतोय, मधेच टुणकन हवेत उडून माशी पकडली की परत त्याच दगडावर.

आणि मादीचा फोटो टाकायला हवा होता राव, ती फिकट राखाडी, शेपटीच्या बुडाशी पांढरी, नवखे लोक हमखास वेगळा पक्षी समजतात. बाकी तो अंधार पडेपर्यंत किडे पकडतो हे बरं झालं लिहिलंत, लोक ऊन गेलं की लगेच कॅमेरे गुंडाळतात.