खोल जाईल त्याचं पाणी

उन्हाळा लागायच्या आतच आमच्याकडे तमिळनाडू पासिंगच्या बोअरच्या गाड्या फिरायला लागतात. पाणाड्या हातावर नारळ धरून जागा दाखवतो, रात्रभर खडखडाट, सकाळी शिवारभर धुराळा. आणि पारावर एकच चौकशी: किती फुटाला लागलं? आठशे फूट सांगताना आता कुणाची जीभ अडखळत नाही.

महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 प्रमाणे शेतीसाठी आणि उद्योगासाठी 60 मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जायला बंदी आहे. असू दे बापडी.

मराठवाड्याखाली काळा पाषाण आहे. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. या भेगा सातबारा बघून थांबत नाहीत. मी खोल गेलो की शेजाऱ्याची साठ फुटांची विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. त्याला कुणी विचारलेलं नसतं, भरपाई तर लांबच. ज्याच्याकडे पैसा तो खोल जाणार, ज्याच्याकडे नाही तो टँकरच्या रांगेत. भांडवलशाही म्हणजे फक्त मुंबईतले टॉवर असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या शिवारात यावं.

2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात हायकोर्टानं इथल्या दारू कारखान्यांचं पाणी 60 टक्क्यांपर्यंत तोडायला लावलं. आम्ही सगळे खूश झालो, व्हायलाच पाहिजे होतं. पण त्याच वर्षी बोअरवर ऊस जगवणाऱ्यांना कोण काय बोललं?

उसवाला खलनायक नाही. उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्यानं द्यायलाच हवा असा सरकारनं ठरवलेला किमान भाव, आणि कारखाना माल उचलतो. सोयाबीनचा हमीभाव कागदावर. कर्ज फेडायचंय तो ऊसच लावणार. वर 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत. बिल माफ झालं हे बरंच झालं (दुष्काळात त्या बिलांनी लोकांना रडवलंय), पण उपशाला उरलासुरला लगामही गेला. पाण्याची स्वतःची किंमत तर कुणाच्या हिशोबात आधीपासूनच नव्हती.

शेजारच्या नगर जिल्ह्यात हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊसही बंद केला. पाऊस कमी झाला की कोणतं पीक घ्यायचं ते गाव बसून ठरवतं. आमच्याकडे ग्रामसभेत हा विषय निघाला की पहिला आवाज चढतो तो सगळ्यात खोल बोअरवाल्याचा. आणि बाकीचे गप्प बसतात, कारण एप्रिलमध्ये टँकर त्याच्याकडूनच घ्यायचा असतो.